अठरावर अडकलेला काटा

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की दर वर्षी नवा आलेला एखादा मुलगा विचारतो, "काका, तुम्ही कुठे असता?" म्हणजे कुठल्या कंपनीत.

"स्वतःचं वर्कशॉप आहे. व्हॅक्यूम पंप."

"म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर का, काका?"

इथे माझं डोकं फिरतं आणि सुमन, माझी बायको, मागून माझ्या कुर्त्याची बाही ओढते. म्हणून मंडळाच्या या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की आधी धंदा समजावून सांगायचा, राग नंतर.

बंद भांड्यातली हवा काढून टाकायची, एवढंच माझं काम. औषधं वाळवायची असोत, विजेचे दिवे करायचे असोत की काचेवर धातूचा मुलामा द्यायचा असो, आधी हवा बाहेर काढावी लागते. पंप हवा ओढतो, त्यात माझं कौतुक नाही. माझं कौतुक पुढे आहे. हवा फार लोचट असते. बाहेर काढली की कुठल्या तरी फटीतून परत आत येते. ती फट केसाहून बारीक असते, डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायची. त्यालाच आम्ही गळती म्हणतो, आणि गळती शोधण्यात माझा हात धरणारा जर्सीत तरी कुणी नव्हता. हे मी सांगत नाही, माझी गिऱ्हाइकं सांगायची.

मी सांगलीच्या आयटीआयचा. पंधरा वर्षं भोसरीत काढली, मग मेव्हण्याने इकडे बोलावून घेतलं. पंप दुरुस्त करणाऱ्या एका इटालियन म्हाताऱ्याच्या हाताखाली राहिलो. तो निवृत्त झाला तेव्हा त्याचं वर्कशॉप घ्यायला मी सकाळी त्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत उठलो नाही. शेवटी त्याची बायकोच त्याला म्हणाली, "देऊन टाक याला, म्हणजे हा घरी जाईल." घासाघीस करताना उठायचं नाही, हा माझा एकच नियम.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका छोट्या प्रयोगशाळेतून फोन आला, "काका, आमचा पंप खोकतोय." पुण्याची दोन पोरं, रसायनशास्त्रात संशोधन करणारी. मी पंप उघडला तर आतलं तेल पांढरं झालेलं, आणि वास ओळखीचा. मी दोघांकडे पाहिलं. दोघं जमिनीकडे.

"काय ओढलंत यातून?"

"काही नाही, काका."

"खरं बोला, नाहीतर मी तुमच्या प्रोफेसरला विचारतो."

तेव्हा कळलं. मंडळाच्या गणपतीला श्रीखंड करायचं होतं. दही फडक्यात बांधून रात्रभर टांगायला वेळ नव्हता. मग यांनी गाळण्याच्या भांड्यात फडकं लावून दही ओतलं आणि पंप चालू केला. दह्यातलं सगळं पाणी पंप प्यायला. चक्का मात्र वीस मिनिटांत झाला, आणि झकास झाला. त्यांना मी इतकं झापलं की त्यातला एक रडकुंडीला आला. गणपतीत दोन वाट्या श्रीखंड खाल्लं तेव्हा राग थोडा उतरला.

माझा राग असा असतो. लवकर चढतो, आणि चढला की समोरच्याचं ऐकू येत नाही. त्या रागाने माझं फारसं कधी बिघडलं नाही. एकदाच बिघडलं. त्या एकाच वेळी मी माझी चूक सगळ्यांसमोर कबूल केली, आणि त्या कबुलीची मला जी परतफेड मिळाली ती मी अजून विसरलेलो नाही. तीच गोष्ट सांगतो.

२००५च्या उन्हाळ्यात हवाईहून फोन आला. फोनवर लिंडा नावाची बाई होती. तिथल्या मोठ्या बेटावर मौना केआ नावाचा ज्वालामुखी आहे, हजारो वर्षं शांत असलेला. त्याच्या माथ्यावर जगभरच्या दुर्बिणी बसवल्या आहेत. त्यातल्या एका दुर्बिणीची ती व्यवस्थापक होती. दुर्बिणीच्या पोटात मोठा आरसा असतो. माणसं जेवायला बसली तर पंगत मावेल एवढा. त्याच्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो आणि तो दर काही वर्षांनी खराब होतो. मग जुना मुलामा धुऊन काढायचा, आरसा मोठ्या लोखंडी चेंबरमध्ये बंद करायचा, हवा काढायची आणि आत तारा तापवून ॲल्युमिनियमची वाफ करायची. ती वाफ आरशावर बसते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनही तो थर पातळ. चेंबरमध्ये थोडी जरी हवा उरली तरी मुलामा दुधाळ येतो, आणि मागच्या वेळी तसाच आला होता. चेंबरचं इलेक्ट्रॉनिक गेज बिघडलं होतं, 'हवा गेली' असं खोटंच दाखवत होतं. त्यामुळे लिंडाबाईंनी गेजची धास्ती घेतली होती. त्यांना पंपही हवे होते आणि पंपांमागे उभा राहणारा माणूसही.

कॅलिफोर्नियाची एक कंपनी सहा दिवस मागत होती. दुर्बीण बंद ठेवायची म्हणजे देशोदेशीच्या शास्त्रज्ञांच्या ठरलेल्या रात्री फुकट जायच्या. तिथे पैशापेक्षा दिवस महाग होते, हे मी दोन वाक्यांत ओळखलं.

"चार दिवसांत देतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"चार. त्याच्या पुढे गेलं तर पुन्हा मला बोलावू नका."

हे मी स्वतःच्या तोंडाने बोललो. पुढे ते माझ्याच गळ्यात आलं.

त्या डोंगरावर एकदम वर जाता येत नाही. नऊ हजार फुटांवर मुक्कामाची जागा आहे, तिथे आधी एक रात्र झोपायचं, शरीराला सवय करायची. माथा जवळजवळ चौदा हजार फुटांवर. वर हवा इतकी विरळ की डोकं मंद चालतं. माणसं स्वतःचा फोन नंबर विसरतात. हे सगळं एका भिंतीवर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. पण ते लिहिलेलं दुसऱ्यांसाठी असतं अशी माझी समजूत.

पहिल्या दिवशी वर जाताना मी गाडीत पंपांचे कागद तपासत बसलो होतो. खिडकीबाहेर पाहिलंच नाही. हे मुद्दाम सांगतोय.

दुर्बिणीवर केओला नावाचा तंत्रज्ञ होता. मूळचा तिथलाच, साठी उलटलेला, पोट सुटलेलं, बोलायला हळू. हवाईत पिकल्या केसांच्या कुणालाही अंकल म्हणतात, आपण काका म्हणतो तसं. त्यामुळे तो मला अंकल म्हणायचा आणि मी त्याला अंकल म्हणायचो. त्या आरशाचा मुलामा आजवर दर वेळी त्याच्या हातून झाला होता. हा शेवटचा, कारण वर्षअखेर तो निवृत्त होणार होता. आरसा धुऊन, वाळवून, चेंबरमध्ये ठेवून झाकण लावायचं काम त्याचं. त्यानंतर माझं.

चेंबरच्या तोंडाला रबराचं जाड कडं असतं. झाकण त्याच्यावर बसतं. कड्यावर एखादा केस, एखादा कण राहिला तर तिथूनच गळती. मी पाहिलं, केओलाने हातमोजा काढला आणि उघड्या बोटाने सगळं कडं चाचपलं, पूर्ण गोल फिरून, डोळे मिटून.

"हातमोजा घाल," मी म्हणालो. "हाताचं तेल लागतं."

"हातमोज्याला केस कळत नाही, अंकल," तो म्हणाला.

हे मला माहीत होतं. भोसरीत मी स्वतः तसंच करायचो. इकडे आल्यावर एका गिऱ्हाइकाने मला त्यावरून सगळ्यांसमोर बोलून घेतलं होतं, तेव्हापासून हातमोजे घालायला लागलो.

पंप चालू केले. दुपारपर्यंत इलेक्ट्रॉनिक गेज सांगायला लागलं, हवा गेली. पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? मी भोसरीपासून वापरत आलेलं काट्याचं गेज चेंबरला लावलं होतं. पितळी, तबकडीवर काटा. सगळी हवा गेली की काटा तिसाच्या जवळ जातो. पिस्कॅटवेत, भोसरीत, हजार वेळा पाहिलेलं. इथे काटा अठरावर येऊन थांबला. संध्याकाळपर्यंत पाहिलं. अठरा.

म्हणजे तिसातले बारा हिस्से हवा आतच. म्हणजे गळती, आणि तीही मोठी.

पुढचा सगळा दिवस मी गळती शोधली. हेलियम वायू एकेका सांध्यावर फवारायचा आणि तो आत शिरतोय का हे यंत्राने पाहायचं, अशी पद्धत असते. एक सांधा सोडला नाही. गुडघे टेकून, पाठीवर झोपून. चार पावलं चाललं की धाप लागायची. यंत्र म्हणे, गळती नाही. मी म्हटलं यंत्र खराब आहे. केओला दुपारी माझ्याजवळ येऊन बसला.

"अंकल, तुझं ते गेज—"

"गेज मला शिकवू नको. हातमोजे घालायला शीक आधी."

तिथे आणखी तीन माणसं होती, त्यांनी ऐकलं. केओला उठला आणि आपली पेटी आवरायला लागला.

मी तेवढ्यावर थांबलो नाही. लिंडाबाई त्या दिवशी वर आल्या होत्या. त्यांना मी सांगितलं की तुमचा माणूस उघड्या हाताने कड्याला हात लावतो, गळती तिथेच आहे, चेंबर उघडून कडं बदलावं लागेल, आणि तो माणूस मला झाकणाजवळ नको. लिंडाबाईंनी नियमांची वही काढली. हातमोजे घालावेत असं तिच्यात होतंच. त्यांनी केओलाला बाजूला घेतलं. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. तो आपला जाड कोट घेऊन खाली जाणाऱ्या गाडीत बसला आणि हिलोला, त्याच्या गावी, निघून गेला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी नवं कडं, हातमोजे घालून, माझ्या हाताने बसवलं. पुन्हा पंप. काटा अठरा.

त्या संध्याकाळी मुक्कामावर मी जेवलो नाही. चारातले तीन दिवस गेले होते. सुमनचा फोन आला.

"अहो, खाल्लंत का काही? भडंग दिलंय बॅगेत."

"भडंगाचं काय घेऊन बसलीस!" मी फोन आपटला. सांगलीच्या माणसाने भडंगाबद्दल असं बोलावं म्हणजे काय अवस्था असेल ती समजा.

सकाळी उठलो तेव्हा भूक आवरेना. बॅग उघडली. भडंगाची पाकिटं मीच घरच्या मशिनवर बंद केली होती, बंद करताना चपटी होती. आता एकेक पाकीट उशीसारखं फुगलेलं. मी एक हातात घेऊन दाबत बसलो. हवा आत गेली कशी? बंद पाकिटात हवा जाणार कुठून?

मग डोक्यात उजेड पडला. आत हवा गेलीच नव्हती. बाहेरची कमी झाली होती.

वाचकांना समजावून सांगतो, कारण मला ते समजायला तीन दिवस लागले. काट्याचं गेज आतली हवा मोजतच नाही. ते आत आणि बाहेर यांतला फरक मोजतं. समुद्राच्या काठी बाहेरची हवा तीस हिस्से दाबते, म्हणून आतली सगळी गेली की काटा तीस दाखवतो. त्या माथ्यावर बाहेरची हवाच मुळी अठरा हिस्से. आतली सगळी काढली तरी काटा अठराच्या पुढे जाणार कसा? अठरा म्हणजे पूर्ण पोकळी. पहिल्याच दुपारी काम झालं होतं. तीन दिवस गळती नव्हती. आणि केओला जे सांगायला आला होता, ते हेच.

मी पाकीट हातात घेऊन पलंगावर बसून राहिलो. आता कबूल करतो की पहिला विचार कबुलीचा नव्हता. पहिला विचार घासाघीस करणाऱ्याचा होता. वर जायचं, पान्याने एक-दोन बोल्ट आवळायचे, म्हणायचं 'सापडली गळती', आणि आजच मुलामा द्यायचा. कुणाला काही कळणार नाही. चार दिवसांत काम, माझा शब्द खरा, आणि पुढे शेजारच्या दुर्बिणींची कामंही मला. केओला तसाही निवृत्तच होणार.

पण त्याचं निवृत्त होणं आता कसं होणार होतं, ते माझ्यामुळे ठरलं होतं. 'निष्काळजीपणामुळे शेवटच्या कामावरून काढला.' तेही त्या बोटाच्या सवयीसाठी, जी माझीही होती.

लिंडाबाई खाली गाडीत सामान भरत होत्या. मी गेलो आणि सांगितलं. गेज, भडंग, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे पहिल्या दिवशीच काम तयार होतं?"

"हो."

"आणि तुम्ही दोन दिवस..."

"हो. आणि केओलाची काही चूक नव्हती. तो सांगायला आला होता, मी ऐकलं नाही."

त्यांनी हातातलं खोकं गाडीत टाकलं. "मग वर जाऊन मुलामा देऊन टाका," त्या म्हणाल्या.

"त्याच्याशिवाय नाही."

"हे तुमच्या हातात नाही."

"पंप माझे आहेत," मी म्हणालो. एवढी घासाघीस मी केलीच. "मी त्याला घेऊन येतो. संध्याकाळच्या आत."

हिलोत पाऊस पडत होता. तिथे तो पडतच असतो. केओला घरामागच्या शेडमध्ये मासे साफ करत बसला होता. मला पाहून त्याने सुरी थांबवली नाही.

"गळती सापडली का, अंकल?"

"नव्हतीच."

"माहीत आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगत होतो. तू म्हणालास, हातमोजे घालायला शीक."

"मग लिंडाला सांगायचं!"

तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली. "तू तिला सांगितलंस की मी निष्काळजी आहे. निष्काळजी माणसाचं कोण ऐकतं?"

मी माफी मागितली. ती मागायची मला सवय नाही, त्यामुळे ती भांडल्यासारखी निघाली असणार. तो हसला.

"मी येत नाही," तो म्हणाला.

मी ओट्यावर बसलो. उठायचं नाही. मी त्याला म्हणालो, लिंडासमोर बोललोय, आता सगळ्यांसमोर बोलतो. तो म्हणाला, बोल. मी म्हणालो, झाकण तूच सांभाळ, बटण तूच दाब. तो म्हणाला, बटण तर माझंच होतं, तू मला माझीच वस्तू देतोयस. द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने सौदा करायला बसलो होतो. घामाने शर्ट भिजला. त्याने सगळे मासे साफ केले, हात धुतले.

"एका अटीवर," तो म्हणाला. "गाडी मी चालवणार. आणि वर पोचेपर्यंत तू एक शब्द बोलायचा नाहीस. एकही नाही. परवा तू एवढं बोललास की माझ्या डोक्यात अजून आवाज येतोय."

मी तोंड उघडलं. त्याने बोट वर केलं. मी तोंड मिटलं.

मग मी तो डोंगर पाहिला. आधी कितीतरी वेळा तिथून गेलो होतो, पण तेव्हा लक्ष कागदांत नाहीतर काट्यात होतं. आता पाहण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

पावसात भिजलेली झाडी, माणसापेक्षा उंच नेचे. मग झाडं ठेंगणी झाली, मग विरळ, आणि दोन्ही बाजूंना काळी लाव्ह्याची मैदानं पसरली. कढईत आटून चिकटलेल्या काकवीसारखी ती गोठून गेलेली, अजून वळ्या दिसत होत्या. आम्ही ढगात शिरलो. काही दिसेना. केओला हळू चालवत राहिला. मुक्कामाच्या जागी अर्धा तास थांबलो. मी खुणेने पाणी मागितलं, त्याने खुणेनेच दिलं. आणि वर निघाल्यावर ढग संपला, अचानक, पाण्यातून डोकं वर काढावं तसा.

पुढे झाड नाही, गवत नाही. लाल, तपकिरी, काळ्या राखेचे सुळके, एकामागे एक. आभाळ इतकं गडद निळं की दुपारी अंधारल्यासारखं वाटावं. खाली ढगांचा समुद्र, चहूकडे, आणि त्या खाली खरा समुद्र. समोर दुसरा डोंगर, लांबलचक, उपडी ठेवलेल्या परातीसारखा. केओलाने हनुवटीने खाली दाखवलं. कुठलाही किनारा दिसत नव्हता. हजारो मैल पाण्याच्या मध्ये हा एकटा उभा. पायथा धरायचा तर समुद्राच्या तळापासून धरावा लागतो, आणि तिथून मोजला तर याच्याएवढा उंच डोंगर जगात नाही. तळातून वितळलेला दगड उकळत आला, गोठला, त्याच्यावर पुन्हा आला. लाखो वर्षं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं.

मी श्वास घेत होतो आणि श्वास पुरत नव्हता. ज्या गोष्टीवर मी तीस वर्षं पोट भरलं, पंप लावून, तेल घालून, रबरी कडी आवळून, ती हवा काढण्याची गोष्ट हा डोंगर नुसता उभा राहून करत होता. तिसातले बारा हिस्से त्याने आधीच काढून टाकले होते. आणि मी त्याच्या माथ्यावर तीन दिवस आरडाओरडा करत होतो की कुणीतरी फसवलंय.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विरळ हवेने येतं असं म्हणतात. असेल.

वर सगळे थांबलेले होते. पोचल्यावर बोलायची परवानगी मिळाली आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं, गेज माझं, चूक माझी, केओलाचं बोट बरोबर होतं. केओलाने गेजपाशी जाऊन पाहिलं.

"अंकल, काटा किती?"

"अठरा."

"मग?"

"मग काय, दाब बटण."

सगळे हसले. सूर्य मावळायच्या बेतात होता. केओलाने बटण दाबलं. चेंबरच्या छोट्या खिडकीतून आतल्या तारा लाल, मग पिवळ्या, मग बघवणार नाहीत इतक्या पांढऱ्या झाल्या. काही सेकंद. मग खिडकीच्या काचेवर आतून चांदीची साय धरली आणि दिसायचं बंद झालं. झालं एवढंच. चार दिवस, दोन माणसांची इज्जत, आणि काम काही सेकंदांचं.

आता माझी तक्रार. दोन महिन्यांनी पिस्कॅटवेला लिंडाबाईंचा अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं: कंत्राटदाराच्या मापनातील चुकीमुळे दोन दिवसांचा विलंब. बास. ती चूक कंत्राटदाराने स्वतःहून सांगितली, हे नाही. सांगितली नसती तर कुणाला कळली नसती, हेही नाही. मी फोन केला. अर्धा तास भांडलो, एका वाक्यासाठी.

"अहवालात कारणं लिहितात," त्या म्हणाल्या. "कुणी कबूल केलं ते लिहीत नाहीत."

"मग माझं नाव काढा त्यातून."

"तुमचं नाव कुठेच नाही."

मी अहवाल पुन्हा पाहिला. खरंच नव्हतं. चुकीतही नाही आणि कामातही नाही. त्यानंतर त्या डोंगरावरून मला कधी फोन आला नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या दुर्बिणीचं काम कॅलिफोर्नियाच्या कंपनीला गेलं, सहा दिवसांच्या बोलीवर. पुन्हा बोलावू नका असं मीच म्हणालो होतो हे खरं. पण खोटं बोललो असतो तर आज तिथली चार कामं माझ्याकडे असती, हेही तितकंच खरं. लोक म्हणतात, सोडून द्या आता. मी सोडणार नाही.

पण पाचव्या दिवसाची सकाळ मला त्या अहवालाच्या बदल्यात मिळाली असं कुणी म्हणालं, तर मी वाद घालणार नाही.

चेंबर उघडला. आरशाजवळ काचेचे छोटे तुकडे ठेवलेले असतात, त्यांच्यावरही तोच मुलामा बसतो. त्यांच्यावर साधी चिकटपट्टी लावायची आणि झटक्यात ओढायची. पट्टीला चंदेरी काही चिकटलं तर मुलामा फसला, सगळं पुन्हा पहिल्यापासून. नाही चिकटलं तर आरसा तयार. दुर्बिणीवरच्या घुमटाखाली सगळे गोळा झाले होते. लिंडाबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

केओलाने पट्टी लावली, अंगठ्याने घासली, ओढली. स्वतः पाहिली नाही. माझ्यापुढे धरली.

"तू बघ, अंकल. तुझा कशावरच विश्वास नसतो. तू हो म्हणालास तर ते खरं."

मी पट्टी घेतली आणि उजेडापुढे धरली. कुणीतरी घुमटाची फट उघडली होती. पट्टीतून मला खालचा सगळा आरसा दिसला, आणि आरशात त्या माथ्यावरचं आभाळ, काठापासून काठापर्यंत, कुठेही डाग नसलेलं. मी दोन वेळा पट्टी उलटून पाहिली. बोट फिरवून पाहिलं, हातमोजा न घालता.

"स्वच्छ आहे," मी म्हणालो.